एका झाडाच्या बदल्यात दहा झाडे पुरतात का?

पुणे जिल्ह्यातील तळवडे, चिखली, मोशी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात रस्ता रुंद होतो, कारखान्याची शेड वाढते किंवा नवी गृहसंस्था उभी राहते, तेव्हा एखादे जुने वडाचे, चिंचेचे किंवा करंजाचे झाड तुटते आणि त्याबरोबर एक प्रश्न हमखास विचारला जातो: एक झाड तोडून त्याच्या बदल्यात दहा लावली, तर नुकसान भरून निघत नाही का? प्रश्न साधा आहे आणि तो विचारणाऱ्याचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. त्याचे उत्तर द्यायचे, तर जंगल कशाला म्हणतात, ते टिकवून वापरणे म्हणजे काय, झाड हवेतून काय घेते, बदलत्या पावसात ते कुठे तगते आणि त्याची राखण कोण करते, या पाच गोष्टी एकामागून एक समजून घ्याव्या लागतात.

१. जंगल कशाला म्हणायचे?

जंगलाच्या निदान दोन व्याख्या सरकारी व्यवहारात एकाच वेळी चालतात आणि त्यांची सरमिसळ झाली की आकडे फसवे वाटू लागतात. पहिली व्याख्या कागदाची आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, असे जसे शेतजमिनीबाबत घडते, तसेच सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर दाट जंगल असेलच असे नाही. तेथे उघडा खडक, गवत किंवा अतिक्रमणही असू शकते. महाराष्ट्रात अशी नोंदलेली वनजमीन सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक पंचमांश आहे.

दुसरी व्याख्या उपग्रहाची आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशाचे वनाच्छादन मोजते. निदान एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जागेपैकी दहा टक्के किंवा त्याहून अधिक जमीन झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली दिसली, तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग ती जमीन सरकारी असो वा खासगी आणि झाडे कोणत्याही जातीची असोत. २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आणि महाराष्ट्राचे साडेसोळा टक्के, म्हणजे सुमारे ५० हजार ८५९ चौरस किलोमीटर आहे. या मोजमापात भीमाशंकरची शेकडो वर्षे जुनी राई आणि तेवढ्याच क्षेत्रातली निलगिरीची लागवड दोन्ही हिरव्या रंगाने दिसतात. फरक केला जातो तो झाकलेल्या जमिनीच्या प्रमाणावरून, आतल्या जीवनावरून नव्हे. घरात माणसे किती आहेत हे मोजल्याने ते कुटुंब आहे की प्रवाशांची गर्दी हे जसे कळत नाही, तसेच हे आहे.

न्यायालयांनाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी असा आदेश दिला की, वनसंरक्षण कायद्यापुरता ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो तसा घ्यावा आणि मालकी कोणाची हे पाहू नये. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे क्षेत्र मुख्यतः अधिसूचित व दप्तरी नोंदलेल्या वनांपुरते आणले, तेव्हा तिलाही आव्हान मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुना, व्यापक अर्थच तूर्त पाळण्यास सांगितले. एका शब्दाच्या अर्थावर हजारो हेक्टरांचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे यावरून दिसते.

२. दापोडीच्या बागेतून निघालेला विचार

जंगल आणि हवामान यांचा संबंध आजकालच शोधला गेला, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात मुंबई इलाख्यात तो विचार पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडला गेला आणि त्याचे एक उगमस्थान आजच्या पिंपरी-चिंचवड शहराच्या हद्दीतच, दापोडीला आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये दापोडीला सरकारी वनस्पतिउद्यान सुरू केले. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८ मध्ये त्याचा अधीक्षक झाला आणि १८४७ मध्ये त्याची मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. संपूर्ण हिंदुस्थानासाठी डीट्रिख ब्रँडिस याची वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक १८६४ ची आहे, म्हणजे मुंबई इलाख्याने हे पाऊल सतरा वर्षे आधी टाकले होते.

सरकारला मुख्यतः जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान हवे होते. परंतु गिब्सनने कोकणात फिरताना आणखी एक गोष्ट नोंदवली. डोंगरउतारांवरचे रान तुटले की खालचे झरे आटतात, असे त्याचे निरीक्षण होते आणि जंगल राखण्यामागे पाण्याचे कारणही सरकारने मानावे, असा त्याचा आग्रह होता.

या विचाराला एक दुसरी, कडू बाजूही होती. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी राखीव वनांची कुंपणे घट्ट झाली, तेव्हा पाला, सरपण, फळे आणि चराई यांवर पिढ्यानपिढ्या जगणारी गावे एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्यांची गुरे आणि उपजीविका यांची कशी कोंडी केली, हे सांगितले आणि त्याच वेळी डोंगरावरून येणारे पाणी व पालापाचोळा बांधबंदिस्तीने शेतात अडवावा, असाही उपाय सुचवला. पाणी, माती आणि माणूस यांचा एकत्र विचार पुणे जिल्ह्यातच इतक्या लवकर झाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतरची धोरणे या दोन टोकांच्या मधून हळूहळू पुढे सरकली. १८९४ च्या धोरणात शेतीला झुकते माप होते. १९५२ च्या धोरणाने देशाची एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे उद्दिष्ट ठेवले, पण भर उद्योगाच्या आणि राष्ट्राच्या गरजांवर दिला. १९८८ च्या धोरणाने मात्र क्रम बदलून पर्यावरणाचा समतोल पहिला, वनाशेजारी राहणाऱ्यांच्या गरजा त्यानंतर आणि महसूल सर्वांत शेवटी, असे स्पष्ट सांगितले.

३. मुद्दल आणि व्याज

‘शाश्वत वनव्यवस्थापन’ हा शब्द जड वाटला, तरी त्यामागची कल्पना मुदत ठेवीची आहे. १७१३ मध्ये सॅक्सनीतील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने ती पुस्तकरूपाने मांडली, कारण चांदीच्या भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते. म्हणजे ही कल्पना एका औद्योगिक पट्ट्याच्या अडचणीतूनच जन्मली. आपल्याकडे त्याच सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे घ्यावे याची शिस्त सांगितली आहे: सागासारखे लाकूड परवानगीनेच तोडावे, आंबा-फणसासारखी वाढायला बहुत वर्षे घेणारी झाडे तोडू नयेत आणि एखादे जीर्ण झाड घेणे भागच पडले, तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावे.

आता एक छोटे उदाहरण घेता येईल. समजा, एका गावाकडे १०० हेक्टर जंगल आहे आणि प्रत्येक हेक्टरात वर्षाला २ घनमीटर लाकूड नव्याने वाढते. म्हणजे वर्षाचे व्याज २०० घनमीटर झाले. गावाने २०० किंवा त्याहून कमी लाकूड काढले, तर मुद्दल शाबूत राहते; ३०० काढले, तर दरवर्षी १०० घनमीटर मुद्दल खाल्ले जाते आणि मुद्दल घटले की पुढच्या वर्षीचे व्याजही घटते.

बदलत्या हवामानाने या हिशेबात एक नवी अडचण आणली आहे. बँक निदान व्याजदर आधी कळवते. निसर्ग तसे करत नाही. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांची ओढ बसली, उन्हाळा लांबला, वणवा लागला किंवा घाणेरी व रानमोडी यांसारख्या बाहेरून आलेल्या झुडपांनी रोपांची जागा बळकावली, तर वाढ २ घनमीटरवरून दीडवर येते. गाव मात्र जुन्या हिशेबाने २०० घनमीटरच काढत राहिले, तर नियम पाळूनही दरवर्षी ५० घनमीटर मुद्दल खर्ची पडते. म्हणून दहा वर्षांसाठी एकदाच ठरवलेली कार्ययोजना आता पुरत नाही. वाढ वारंवार मोजावी लागते, काही भाग अडीअडचणीसाठी हात न लावता राखावा लागतो आणि एकाच जातीच्या लागवडीऐवजी मिश्र रान जोपासावे लागते. कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर आणि ज्वारीत करडई घेतो ती याच कारणाने, की पावसाने दगा दिला तरी सगळे एकदम जाऊ नये.

४. झाड हवेतून काय घेते?

झाडाच्या लाकडाचा मोठा भाग मातीतून येतो असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो बव्हंशी हवेतून आणि पाण्यातून येतो. पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, वेगळा काढून खोड, फांद्या व मुळांत साठवतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन कर्बाचे असते. एक किलो कर्ब साठला, याचा अर्थ हवेतून सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी झाला, कारण त्या वायूत कर्बाबरोबर प्राणवायूचेही वजन असते.

समजा, एका जुन्या झाडाचे वाळलेले वजन मुळांसकट ५०० किलो आहे. त्यात २५० किलो कर्ब झाला आणि २५० ला ३.६७ ने गुणले, तर सुमारे ९१७ किलो कार्बन डायऑक्साइड. आता चाकणहून सुटे भाग घेऊन निघालेला अवजड ट्रक पाहू. एक लिटर डिझेल जळाले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे त्या झाडाने तीस-चाळीस वर्षांत जेवढे साठवले, तेवढे सुमारे ३४० लिटर डिझेलमध्ये हवेत परत जाते. ट्रक लिटरला ४ किलोमीटर चालतो असे धरले, तर हे १,३६० किलोमीटर झाले, म्हणजे जवळपास दिल्लीची एक खेप.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, धूर कमी करण्याला झाडे लावणे हा पर्याय ठरू शकत नाही; ती त्याची जोड आहे. दुसरी अशी की, साठवायला चाळीस वर्षे लागलेले कोठार तोडून जाळले, तर ते काही तासांत रिकामे होते. २०३० पर्यंत वने आणि वृक्ष यांच्या साह्याने अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कर्ब साठवण्याचे वचन भारताने जगाला दिले आहे. ते पाळायचे तर नवी लागवड जितकी आवश्यक, तितकेच उभे असलेले कोठार सांभाळणे आवश्यक आहे.

५. योग्य जागी योग्य हिरवाई

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी हा सगळा उतार पार करून देहू, तळवडे, आळंदी अशी पुढे जाते. पाऊस इतका झपाट्याने घटत असताना काठची आणि डोंगरांवरची वनस्पतीही तशीच बदलते. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे सदाहरित व निमसदाहरित रान आहे. पूर्वेला भंडारा, भामचंद्र यांसारख्या डोंगरांच्या आसपास विरळ झाडीचे, पळस, मोई, बोर, बाभूळ, हिवर यांचे कोरडे रान आणि त्यात गवताळ माळ लागतात. नदीच्या ओलाव्याजवळ उंबर, करंज आणि वाळुंज वाढतात.

गवताचा माळ पाहिला की तो उजाड आहे आणि तेथे झाडे लावायला हवीत, असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण महसुली दप्तराने दीडशे वर्षे त्याला ‘पडीक’ म्हटले. परंतु हा माळ स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या सजीवांचे घर आहे. लांडगा, चिंकारा, धाविक आणि चंडोल यांना दाट झाडी चालत नाही, मोकळे गवतच लागते. मेंढपाळांची चराई त्यावरच चालते. शिवाय गवताने साठवलेला कर्ब बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे उन्हाळ्यात वरचे गवत जळाले तरी खालचे कोठार बहुतांशी वाचते. अशा माळावर यंत्राने खड्डे घेऊन एकाच परदेशी जातीची गर्दी केली, तर हिरवा रंग वाढतो आणि जीवन घटते. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेल्या गिरिपुष्पाने हाच धडा दिला: ते भराभर वाढले, पण स्थानिक झाडांची विविधता काही त्याच्यामागून आली नाही. आता वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, ही माळाला मिळालेली उशिराची पण महत्त्वाची मान्यता आहे.

बदलत्या पावसाचा विचार करता उतारावरच्या हिरवाईला आणखी मोल येते. तिरका धरलेला तवा घेऊन त्यावर तांब्याभर पाणी एकदम ओतले, तर ते क्षणात घसरून जाते. त्याच तव्यावर गोणपाट अंथरून ओतले, तर बरेचसे पाणी मुरते आणि नंतर हळूहळू झिरपते. गवत, पालापाचोळा आणि मुळे हे डोंगराचे गोणपाट आहे. पूर्वी महिनाभरात पडणारा पाऊस चार दिवसांत कोसळू लागला, तर याची गरज अधिकच वाढते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा दुर्घटनेला एकच कारण नसते; खडकाची जात, उतार, पाऊस आणि उतारावरची कामे यांचा तो मिळून परिणाम असतो. तरीही उताराचा वापर बदलताना किती जपावे लागते, हे माळीणने पुणे जिल्ह्याला कायमचे शिकवले.

६. भरपाईची झाडे

आता मूळ प्रश्नाजवळ येता येईल. कायदा भरपाई मानतो. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याखाली वनजमीन रस्ता, धरण किंवा कारखान्याला द्यायची झाल्यास केंद्राची मंजुरी लागते आणि तेवढ्याच बिगरवन जमिनीवर, किंवा ठरावीक परिस्थितीत दुप्पट अवनत वनजमिनीवर, पर्यायी वनीकरण करावे लागते. त्यासाठी जमा होणारा पैसा २०१६ च्या कायद्याने उभारलेल्या निधीत जातो आणि त्यातला ९० टक्के वाटा राज्यांचा असतो. शहरांतील झाडांसाठी १९७५ चा राज्य कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी झाडे लावण्याचे बंधन घातले. म्हणजे साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात दहा नव्हे, तर साठ झाडे.

उदाहरणापुरते पुन्हा आपले ५०० किलोंचे झाड घेऊ. त्याच्या बदल्यात दहा रोपे लावली. प्रत्येक रोप २ किलोंचे धरले, तर पहिल्या वर्षी एकूण २० किलो. त्यांपैकी सहा जगली आणि दहा वर्षांनी प्रत्येकी ४० किलोंची झाली, तर २४० किलो, म्हणजे अजून निम्मेही नाही. पुढच्या काही वर्षांत ती जुन्या झाडाला गाठतील, हे खरे. परंतु मधली पंधरा-वीस वर्षे, जी हवामानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत, उसनवारीत जातात. शिवाय जुने झाड इंद्रायणीच्या काठावर असेल आणि नवी रोपे चाळीस किलोमीटरवरच्या माळावर लावली, तर काठाची माती, रस्त्यावरची सावली, ढोलीतले पिंगळे आणि ज्या वस्तीला त्या झाडाचा गारवा मिळत होता ती वस्ती, यांपैकी कोणाचीच भरपाई होत नाही.

राज्याने २०१६ पासून मोठ्या वृक्षलागवड मोहिमा घेतल्या. २ कोटींपासून सुरू झालेले उद्दिष्ट २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. लोकांना झाडांकडे वळवण्याचे काम अशा मोहिमांनी निश्चित केले. मात्र लावलेल्या रोपांचा आकडा हा पेरणीचा आकडा असतो आणि कोणताही शेतकरी पेरणीवरून पीक मोजत नाही.

७. राखण कोणाची?

झाड लावायला एक दिवस पुरतो. ते जगवायला कोणीतरी रोज जवळ असावे लागते. सह्याद्रीतल्या देवरायांनी हे शतकानुशतके दाखवून दिले. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नसे, काही ठिकाणी तर पडलेले वाळके लाकूडही उचलत नसत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे जैविक मोल जगापुढे आणले.

आधुनिक कायद्यात राखणदाराची ही जागा गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूवर उत्पन्न उभे केले, पण तेंदूपाने काढणे स्वतःहून थांबवले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आग लावली जाते. पाने झाडावर राहिली, तर फळे माणसांना आणि प्राण्यांना दोघांनाही मिळतात. व्याज कुठे संपते आणि मुद्दल कुठे सुरू होते, हे त्या जंगलात रोज वावरणाऱ्या माणसांनी स्वतः ठरवल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. जंगलाचे संरक्षण लोकसहभागातून करणाऱ्या गावांना प्रोत्साहन देणाऱ्या राज्याच्या योजनेला संत तुकारामांचे नाव आहे, ही गोष्ट तळवड्याशेजारच्या देहूकरांना आणि एकूणच या पट्ट्याला जवळची वाटावी.

औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाकडे ग्रामसभेचे जंगल नसते, तरी हक्क असतो. झाड तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष प्राधिकरणाला सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात आणि त्या हरकती कोणीही नागरिक नोंदवू शकतो. वणवा अडवण्यासाठी टेकडीभोवती गवत कापून जाळरेषा काढणे, लावलेल्या रोपांना पहिले तीन उन्हाळे पाणी देणे, या कामांत वसाहती आणि कारखान्यांचे कामगार अनेक ठिकाणी हातभार लावू शकतात.

८. उत्तर

एकाच्या बदल्यात दहा झाडे पुरतात का, याचे उत्तर दहा या आकड्यात सापडत नाही. जुने झाड खरोखर वाचवता येत नव्हते का? नवी झाडे त्याच ओढ्याच्या, नदीच्या किंवा वस्तीच्या जवळ लावली का? त्या जागेच्या पावसाला आणि मातीला मानवणाऱ्या, एकाहून अधिक स्थानिक जाती निवडल्या का, की गवताचा चांगला माळ खणून काढला? आणि पाणी घालणारा, गुरे हाकणारा, वणवा विझवणारा माणूस नावानिशी ठरला आहे का, हे चार प्रश्न आधी विचारावे लागतात. चारांची उत्तरे समाधानकारक असतील, तर दहा झाडे काही दशकांनी बऱ्याच अंशी भरपाई करू शकतात. एकाचेही उत्तर नसेल, तर साठ लावूनही ती अपुरी पडतात.

म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीला किती खड्डे घेतले हा आकडा ऐकून समाधान मानू नये. त्यानंतरच्या पाचव्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुपारी त्या जागी जाऊन किती झाडांखाली सावलीत उभे राहता येते, ते मोजावे. दापोडीच्या बागेतून निघालेल्या विचारापासून पाचगावच्या ग्रामसभेपर्यंतचा सगळा अनुभव याच मोजमापाकडे बोट दाखवतो.